कोऱ्या नंबरचं तोंड

सोमवार, २ नोव्हेंबर

आज सकाळी मी नव्या घराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या, चहा ठेवला आणि देवाचं नाव घेत ओट्याशी उभा राहिलो. चहा उतू गेला. ही आतून म्हणाली की देव कुठे पळून जात नव्हता, चहा मात्र गेला. पन्नाशीला टेकल्यावर नवं शहर, नवं घर आणि नवी नोकरी एकदम अंगावर घेणं म्हणजे धाडसच. पण ओटा पुसताना मला मनापासून बरं वाटत होतं.

नोकरी दातांच्या लॅबमध्ये आहे. ठिकठिकाणचे दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा स्कॅन पाठवतात आणि इथे त्यावरून कवळ्या आणि दातांवर बसवायच्या टोप्या बनतात. दारातून आत शिरलं की प्लास्टरचा आणि गुलाबी मेणाचा वास येतो. भिंतीभर फळ्या, फळ्यांवर ट्रे, ट्रेमध्ये जबडे. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं की सगळे एकदम आपल्याला हसतायत. प्लास्टरखोली सांभाळणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात; कुणाच्या वहिनी ते कुणालाच ठाऊक नाही. त्यांनी मला सगळी लॅब फिरवून दाखवली आणि म्हणाल्या, घाबरू नका, खालचं एकही तोंड चावत नाही, चावणारे वर बसतात.

वर मालक बसतात. ते स्वतः दातांचे डॉक्टर, म्हणून लॅबमध्ये नुसतं डॉक्टर म्हटलं की तेच. त्यांनी मला काम समजावून सांगितलं. लॅबचं एक वेब ॲप आहे. पडद्यावर डावीकडे पेशंटचं नाव, वय, फोन. उजवीकडे त्याचा जबडा, बोटाने फिरवला की फिरतो. बघणाऱ्याला वाटतं एकच पान आहे, पण त्यामागे दोन वेगळे डेटाबेस आहेत. डावी बाजू जुन्यातून येते. तो कोष्टकांचा, कडक शिस्तीचा. प्रत्येक माणसाला एक ओळ, प्रत्येक गोष्टीला ठरलेला रकाना. जबडे मात्र रकान्यात मावत नाहीत, कारण कुणाला सगळे दात, कुणाला सहा, कुणाच्या नुसत्या हिरड्या. म्हणून त्यांच्यासाठी नंतर दुसरा डेटाबेस आणला. त्यात कशाही आकाराचं काहीही गाठोडं बांधून टाकता येतं. लॅबमध्ये पहिल्याला आजोबा म्हणतात आणि दुसऱ्याला पोतं. दोघांमध्ये धागा एकच, पेशंटचा नंबर. डॉक्टर म्हणाले, एका घरात दोन जावा आहेत, बोलणं बंद आहे आणि मधल्यामध्ये मी उपाशी. तुम्ही तेवढं जुळवून द्या.

जुळवून देण्याचं काम मला आवडतं. संध्याकाळी हिला सांगितलं तर म्हणाली, दातांची लॅब आहे ना, मग माझ्या दोन दाढांचंही जुळवा.

बुधवार, ४ नोव्हेंबर

दोन दिवस नुसता वाचत बसलो. माझ्या आधी इथे एक तरुण होता. तो मोठ्या कंपनीत गेला. त्याला सगळे शॉर्टकट म्हणायचे आणि त्याचे प्रोग्राम वाचल्यावर ते नाव कुणी आकसाने ठेवलेलं नाही हे पटतं.

एक गोष्ट लक्षात आली. आजोबांमधून एखादा पेशंट काढून टाकला तर पोत्याला ते कुणी सांगत नाही. माणूस जातो, तोंड राहतं. अशा बेवारस जबड्यासमोर ॲपमध्ये लाल ठिपका येतो, आणि डॉक्टरांना ते ठिपके डोळ्यांसमोर नको आहेत. स्कॅन पुसायची परवानगी मात्र नाही. नियमाने ते बरीच वर्षं ठेवावे लागतात. म्हणून त्यांनी सांगितलं की पुसू नका, मालक शोधा. प्रत्येक तोंडामागे माणूस पाहिजे.

दुपारी त्यातले काही उघडून पाहिले. परक्याच्या तोंडात डोकावणं मला मुळीच आवडलं नाही. हल्लीचे स्कॅन फार बारकाईचे असतात. दातांच्या मुळाशी धरलेलं कीट, खालपर्यंत पोखरलेली दाढ, दोन दातांच्या फटीत अडकून राहिलेलं काहीतरी, सगळं जसंच्या तसं. जेवणाचा डबा उघडला आणि परत झाकला. माझ्याच मनाला मी बजावलं की देवाने सगळ्यांना तोंड एकाच कामासाठी दिलेलं नाही. खाणं आहे, बोलणं आहे, नाव घेणं आहे. त्या तोंडाची किळस कशाला. पण डबा पुन्हा उघडला नाही.

शनिवार, ७ नोव्हेंबर

बेवारसांमध्ये एक गाठोडं असं निघालं की त्याला नंबरच नव्हता. नंबरची जागा कोरी.

उघडायला फार वेळ लागला. आधी हिरडी दिसली, तिच्यावर दातांची ओळ. मग त्या ओळीमागे दुसरी, तिच्यामागे तिसरी, आणि अशाच ओळी घशाकडे उतरत गेलेल्या. टाळूवर दात. जिभेखालच्या मऊ जागेत दात, काही दुधाचे, काही म्हाताऱ्याचे असावेत तसे लांब आणि पिवळे. एकमेकांना ढकलून वाकडे झालेले. फिरवत राहिलो तरी मागची बाजू येईना. चिरलेल्या भाजीच्या आत काहीतरी वळवळताना दिसावं तसं माझं झालं आणि मी हात पँटला पुसले. हाताला काही लागलं नव्हतं.

कारण सापडलं ते अगदी साधं आहे. जुन्या नोंदी हाताने काढून टाकताना चुकून काही जबड्यांचे नंबर कोरे झाले. शॉर्टकटच्या प्रोग्रामला सांगितलेलं होतं की नंबर सारखा असेल तर गाठोडं एकच करायचं. कोरा आणि कोरा सारखेच. मग ज्यांना नंबर उरला नव्हता त्या सगळ्यांची तोंडं तो वर्षानुवर्षं एकाच गाठोड्यात, एकावर एक कोंबत गेला.

शॉर्टकटला फोन केला. तो गडी भलता खुशीत होता. म्हणाला, काका, चालतंय ना? मग चालत्या गाडीला खीळ कशाला घालता. मी त्याला सांगितलं की त्या गाठोड्यावर शेवटच्या बदलाची तारीख आजची दिसते आहे आणि आज कुणाचीही नोंद निघालेली नाही. तो म्हणाला की त्याच्याही वेळी ते तसंच व्हायचं, म्हणून तो ते पान उघडतच नसे.

मंगळवार, १० नोव्हेंबर

सांधा तयार झाला. मी माझ्या प्रोग्रामला हेच नाव दिलं आहे. आता आजोबांमध्ये काही बदललं की पोत्याला कळेल आणि पोत्यात काही बदललं की आजोबांना. एकाकडचं हरवलं तर दुसऱ्याकडून भरून निघेल. शिवाय एक अट घातली आहे की प्रत्येक जबड्याला खरा, हयात माणूस जोडलेला असलाच पाहिजे.

तो चालवून बघायला एक पेशंट हवा होता. इथली माणसं अशा वेळी अबक असं काहीतरी नाव टाकतात आणि कुठलीतरी जन्मतारीख ठोकतात. मला ते जमत नाही. गावच्या शाळेत गुरुजी पाटीवर खोटं उदाहरणसुद्धा लिहू देत नसत. विहिरीवर किती बादल्या ते जाऊन मोजून या म्हणायचे. ते हाडात भिनलं आहे. मी माझंच नाव टाकलं. खरी जन्मतारीख, खरा फोन. मग सांध्याला सांगितलं की बेवारसांपैकी रांगेत पहिला असेल तो या पेशंटला जोडून दाखव.

हिरवी खूण आली. डॉक्टर खाली येऊन पाठ थोपटून गेले. वहिनी म्हणाल्या, जावा बोलायला लागल्या म्हणजे आता घर फुटणार. सगळे हसले. घरी जाताना मी हिच्यासाठी फुलं घेतली.

बुधवार, ११ नोव्हेंबर

सकाळी वहिनी ट्रे घेऊन माझ्या टेबलाशी आल्या. म्हणाल्या, तुमच्या नावाने निघालंय, डबा समजून खाऊ नका. बोलताना ट्रे त्यांनी अंगापासून लांब धरला होता.

मालक मिळाला की जबड्याचा साचा यंत्र आपोआप काढतं, हे मला माहीत असायला हवं होतं. ट्रेमध्ये ते होतं, कोऱ्या नंबरचं तोंड. रांग नंबराप्रमाणे लागते आणि कोऱ्याचा नंबर सगळ्यांच्या आधी. ही साधी गोष्ट माझ्या डोक्यातून निसटली.

यंत्रातून निघणारा साचा कोरडा आणि राखाडी असतो. हा ओला होता. ट्रेच्या तळाशी चिकट पाणी साचलं होतं, त्यात तार धरत होती. वास शिळ्या तोंडाचा, सकाळी चूळ न भरलेल्या माणसाने अगदी जवळ येऊन बोलावं तसा. वहिनींनी नाकाला पदर लावला आणि म्हणाल्या की यंत्रात काहीतरी सडलंय, ते उघडून धुवायला लावते. मी साचा कचऱ्यात टाकला, वर जुने कागद टाकले, हात साबणाने धुतले, परत धुतले.

हिने आज घरी विचारलं, तोंडाला वास कसला येतोय.

गुरुवार, १२ नोव्हेंबर

चहाला चहाची चव नाही. घोट घेतला की आधी दुसऱ्या कुणाचा तरी घोट लागतो. कुणीतरी तंबाखू थुंकून तसंच तोंड आणलं आहे. कुणाच्या तरी सडक्या दाढेतून गोडसर पाणी सुटतं आहे. कुणीतरी औषध घेतलेलं आहे. दात घासले तर ब्रशला पिवळट साय लागली. ती माझी नव्हती. माझ्या तोंडातून आली एवढंच.

पोटावर ढकललं आणि डॉक्टरांकडून गोळी घेतली. वय झालं, ते म्हणाले. जिभेवर पांढरं धरतं.

शुक्रवार, १३ नोव्हेंबर

टाळूवर कण लागतो आहे. तांदळाच्या कणीएवढा, टोकदार. जीभ सारखी तिथेच जाते.

डॉक्टरांनी खुर्चीत बसवून दिवा लावला. आधी ते चेष्टा करत होते, या वयात अक्कलदाढ आली म्हणजे अक्कल उशिरा येणार हे नक्की. मग आरसा आत घालून त्यांनी पुष्कळ वेळ पाहिलं आणि खुर्ची मागे सरकवली. बेसिनवर जाऊन ते हात धूत राहिले, हातमोजे घातलेले असतानाच. पाठमोरेच म्हणाले की टाळूवर एक नाही, बरेच आहेत, आणि जिभेखालीसुद्धा.

मी घरी येऊन आरशात पाहायला गेलो नाही. हिने पानात भात वाढला. भात मऊ होता, पण तोंडात ठिकठिकाणी चावला गेला.

सोमवार, १६ नोव्हेंबर

काल दिवसभर जप करायचं ठरवलं होतं. तोंडाची घाण तोंडानेच जाईल असं वाटलं. बसलो, डोळे मिटले, नाव घेतलं.

मागून आणखी तोंडांनी तेच नाव घेतलं. माझ्यामागून, किंचित उशिरा. एकाचं बोबडं, एकाचं कवळी निसटावी तसं, एकाचं लाळ ओढत. पहिल्यांदा वाटलं कानाचा भास. थांबलो तर मागचे दोन-तीन घेतच राहिले. चाटून चाटून घेत होते. ज्या नावाने मला आयुष्यभर शांत वाटलं ते नाव कुणी चघळून, उष्टं करून माझ्या जिभेवर परत ठेवत होतं.

ओकलो. हिने पाठ चोळली. मग माझा पेला वेगळा ठेवला आणि मी पाहिलं हे कळल्यावर तो परत आपल्या पेल्याशेजारी आणून ठेवला. मान खाली घालून.

आज मी गेल्या गेल्या ते गाठोडं माझ्या नावावरून सोडवलं. पोत्यातला नंबर पुसला. दुपारपर्यंत तोंड हलकं वाटलं. मग परत चव आली. पाहिलं तर नंबर परत लागलेला. एकाकडचं हरवलं तर दुसऱ्याने भरून द्यायचं, हे मीच शिकवलेलं. पोत्यात पुसलं की आजोबा देतात. आजोबांमध्ये पुसलं की पोतं देतं.

मंगळवार, १७ नोव्हेंबर

दोन्हीकडचं एकदम पुसायला जावं तर ते एकदम होत नाही. दोन वेगळी यंत्रं. एकाकडे पुसणं झालं आणि दुसऱ्याकडे व्हायचं आहे, अशी एक फट राहतेच. सांधा त्या फटीतून हात घालतो आणि उरलेलं परत काढतो. सांधाच बंद केला. तरी आलं. सांधा आता माझ्या सर्व्हरवर नाही, असं काहीतरी झालं आहे. तो कुठे चालतो आहे ते मला ठाऊक आहे. जेवताना जबड्याच्या बिजागरीत लागतो.

एखाद्या खोट्या नोंदीला जोडावं म्हणून अबकला जोडलं. चिकटेना. खरा, हयात माणूस पाहिजे. अट माझीच.

गाठोड्यात आज दातांबरोबर माझं नावही दिसलं. जन्मतारीख, फोन, पत्ता. आजोबांमधून सगळं उतरून गेलं आहे तिकडे.

बुधवार, १८ नोव्हेंबर

एक नोंद सापडली. एक गाण्याच्या बाई, समोर शेरा, बंद. मी समजलो की वारल्या. सांध्याला मात्र त्या हयातच दिसत होत्या, कारण हयात हा शेरा पुसायचे कष्ट कुणी घेतले नसतील. वाटलं, देवाने वाट दाखवली. ज्याला तोंडाची गरज उरली नाही त्याच्याकडे हे राहू दे.

मालक बदला अशी जागा ॲपमध्ये आहे. बदलला. ते लगेच चिकटलं.

आणि गेलं. टाळू गुळगुळीत. पाणी प्यालो तर पाण्याची चव. मी ढसढसा रडलो. घरी येऊन भात आणि वरण जेवलो आणि आणखी मागून घेतलं. ही वाढत राहिली. मग जपाला बसलो. एकट्याचा आवाज.

गुरुवार, १९ नोव्हेंबर

बाई वारलेल्या नाहीत.

बंद म्हणजे काम पूर्ण झालं, कवळी पोचली. वहिनींनी सांगितलं, अगदी सहज, आल्याआल्या. बाईंच्या दातांच्या डॉक्टरांचा सकाळी फोन आला होता की बाईंना आमची कवळी बसत नाही, खालून काहीतरी उगवतं आहे. बाईंना मुलांना शिकवता येत नाही. म्हणे सूर लावला की त्यांच्या मागून तोंडातल्या तोंडात आणखी कुणीतरी लावतं. मुलं पळाली. वहिनी हसत होत्या, म्हणाल्या कलाकार माणसं, यांचं काहीतरी असतंच.

मी टेबलाशी गेलो आणि मालक बदलला. परत माझं नाव.

कडक कडक आवाज करत ते आत आलं. या वेळी दुखलं. बोलता येत नाही, ओठ पूर्ण मिटत नाहीत.

खुणेनेच वहिनींना बाईंच्या डॉक्टरांकडे फोन करायला लावला. बाई आता बऱ्या आहेत.

शुक्रवार, २० नोव्हेंबर

डॉक्टरांना सगळं लिहून दाखवलं. त्यांनी नाकावर रुमाल धरून वाचलं. वेडा म्हणाले नाहीत, त्यांनी माझं तोंड पाहिलेलं आहे.

त्यांनी मार्ग सांगितला. इतके पेशंट आहेत, एक निवडा आणि मोकळे व्हा. लांबचा निवडा. एखादा म्हातारा घ्या, फार दिवस सोसावं लागणार नाही. वाटलं तर महिन्या महिन्याने माणूस बदलत जाऊ, एकट्यावर भार नको, तसा प्रोग्राम तुम्ही लिहू शकाल. त्यांचा आवाज मायेचा होता. लॅबचं नाव खराब होऊ नये एवढंच बघा, म्हणाले. बोलताना त्यांचे स्वच्छ, सारखे दात दिसत होते आणि मला आतापर्यंत कशानेही आली नव्हती इतकी किळस त्या दातांनी आली.

मी मान हलवली. त्यांना वाटलं होकार.

शनिवार, २१ नोव्हेंबर

हिला मुलीकडे पाठवलं. जायला तयार नव्हती. लिहून दाखवलं की लॅबमध्ये साथ आहे, बरा झालो की कळवतो. तिने कागद वाचला. मग माझ्या गालाला हात लावला. गालाच्या आतून त्या तोंडांनी तिच्या बोटांना —

ती ओरडली नाही. हात मागे घेतला, साडीला पुसला, मग तोच हात परत ठेवला. म्हणाली, अहो, तुमच्याच तोंडाने बोला एकदा. कसंही.

प्रयत्न केला. माझ्याआधी त्यांनीच तिला हाक मारली. सगळ्यांनी. माझ्या हाकेने.

रिक्षा वळेपर्यंत ती मागे बघत होती. मी तोंडावर टॉवेल धरून उभा.

रविवार, २२ नोव्हेंबर

खाणं बंद. आत काही गेलं की भांडतात. उरलेलं फटीत कुजतं. गळ्यापर्यंत ओळी आल्या आहेत, गिळताना मोजल्यासारख्या लागतात. उशीवर लाळ, तिच्यात दाताचे कपचे.

नाव मनातल्या मनात घेतो. तिथेही ते येतील का — अजून नाही. तेवढी एक जागा उरली आहे. मनातली. ती गेली तर माझ्याकडे देवाला दाखवायला काही —

डॉक्टरांचा निरोप, निवडला का.

म्हाताऱ्या पेशंटची यादी उघडली होती. खोटं कशाला लिहू. एक नाव वाचलं, वय वाचलं. बोट तिथपर्यंत नेलं. आतले सगळे एकदम गप्प झाले, वाट बघत. त्या गप्प होण्याचीच किळस —

मिटवली.

सोमवार, २३ नोव्हेंबर

दिसलं.

आजोबांचा एक जुना नियम आहे. पेशंटची ओळ काढली की तिच्या पोटातल्या सगळ्या नोंदी तिच्याबरोबर जातात. आधी हे, मग ते, असं नाही. एका ओढीत. फट नाही. हा नियम पोत्यापर्यंत कधी कुणी नेलाच नाही. मीही नाही. मी फक्त एकाने दुसऱ्याला भरून द्यायचं शिकवलं. एकाबरोबर दुसऱ्याने जायचं शिकवायचं राहिलं.

मालकच नाही उरला तर परत द्यायचं कुणाला.

पण गाठोड्यात आता नुसते दात नाहीत. माझं नाव, माझा जन्म — काय काय जाईल ते —

पुसायला परवानगी नाही. नसू दे.

हिला पत्र लिहिलं. छोटं. वहिनींकडे दिलं. त्यांनी आज नाकाला पदर लावला नाही. विचारलं, भाऊ, दुखतं का. मी नाही म्हणून मान हलवली. पत्र उद्या टाकते म्हणाल्या.

मंगळवार, २४ नोव्हेंबर

केलं. सकाळी, कुणी यायच्या आत. नियम पोत्यापर्यंत नेला. मग माझी ओळ काढली. ॲपने विचारलं, नक्की का. आतले किंचाळत होते, शिव्या, गयावया, लहान मुलांचेसुद्धा आवाज. हो म्हटलं.

पोतं पाहिलं. कोऱ्या नंबरचं गाठोडं नाही. शोधलं, नाही. पुन्हा शोधलं. गाण्याच्या बाईंसमोर त्यांचा त्यांचाच जबडा.

मग तोंड भरून आलं. बेसिनमध्ये दात, परक्यांचे, मऊ, मुळांसकट. मग माझे. दुखलं नाही. नळ सोडला. जीभ जरा वेळ होती, मग —

आरसा. ओठांच्या जागी सपाट. वास नाही. इतक्या दिवसांनी वास नाही.

माझं नाव आठवून पाहतो आहे. हिचं आठवतं. मुलीचं. माझं —

बोटं पातळ झाली आहेत, पेन दिसतं त्यांच्यातून. दाराशी कुणीतरी कुलूप —

भीती नाही. मनातलं नाव चालू आहे. तोंड नाही तरी चालू आहे, एकच आवाज, धुतलेला. घेतंय कोण ते मात्र